अन्नदुष्काळ जाहीर होतो तेव्हा उशीर झालेला असतो

२० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियात, बाकूलच्या दक्षिण भागात आणि लोअर शबेल्ले प्रांतात, अन्नदुष्काळ जाहीर केला. मग कॅमेरे पोचले, निधी येऊ लागला. पुढे अभ्यासकांनी मृत्यूंचा हिशोब मांडला, तेव्हा ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावल्याचा अंदाज निघाला. त्यातली जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. आणि यातले कितीतरी जीव त्या जुलैच्या आधीच गेले होते.

असं का झालं, याचं उत्तर निकषांतच आहे. अन्नसंकटाची तीव्रता मोजायची पाच टप्प्यांची पद्धत २००४ मध्ये सोमालियातच तयार झाली. शेवटचा टप्पा, म्हणजे अन्नदुष्काळ, ठरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: किमान २० टक्के कुटुंबांकडे अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित आणि दर १० हजार माणसांमागे रोज किमान दोन मृत्यू. तिसरा निकष पुन्हा वाचा. माणसं मरू लागल्याशिवाय तो पूर्णच होत नाही. म्हणून या घोषणेची वाट पाहणारी मदत उशिराच पोचणार.

खरं तर खुणा कित्येक महिने आधी बाजारात दिसतात. सोमालियात पावसाचे दोन हंगाम: एप्रिल ते जून ‘गू’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ‘देयर’. लागोपाठ हंगाम कोरडे गेले की चारा संपतो, जनावरं खंगतात आणि मुलांच्या तोंडचं दूध जातं. सगळेच शेळ्या विकायला काढतात, त्यामुळे शेळीचा भाव पडतो आणि ज्वारीचा चढतो. एका शेळीत किती ज्वारी येते, हा एकच आकडा महिन्यागणिक पाहिला तरी संकट कुठवर आलंय ते कळतं.

२०१० च्या अखेरीस हा आकडा घसरताना दिसत होता. पण दक्षिण सोमालिया अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाच्या ताब्यात होता. त्यांच्या धमक्या आणि अटींमुळे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्येच तिथलं काम थांबवलं होतं. दुसरीकडे अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांमुळे, मदतीतलं काही चुकीच्या हाती लागलं तर खटला होईल, अशी भीती संस्थांना होती. पाऊस लागोपाठ दोन हंगामांत हुकला आणि रस्ते माणसांनी बंद केले. लोक मोगादिशूकडे, केनियातल्या दादाब आणि इथिओपियातल्या डोलो आडो इथल्या निर्वासित छावण्यांकडे चालत निघाले. वाटेत मुलं गेली.

अशा छावणीत मूल पोचतं, तेव्हा पहिलं साधन म्हणजे रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही, त्यामुळे नेमकं वय माहीत नसलं तरी चालतं. घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल अतितीव्र कुपोषित. मेळघाटातल्या अंगणवाडीतही हाच घेर मोजतात. पट्टी आईच्या हातात दिली तर तीही मोजू शकते.

भुकेल्याला पोटभर वाढावं ही आपली उपजत ओढ असते, पण अशा मुलाच्या ती जिवावर बेतू शकते. उपाशी शरीर आधी चरबी, मग स्नायू जाळतं. आतड्याचं अस्तर झिजतं, प्रतिकारशक्ती ढासळते. अचानक भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून आजारी, भूक मेलेल्या मुलाला आधी ‘एफ-७५’ नावाचं पातळ औषधी दूध थोडं थोडं देतात. लोहसुद्धा सुरुवातीला देत नाहीत, कारण त्याने जंतुसंसर्ग बळावू शकतो.

ज्याला भूक लागते, त्याच्यासाठी दवाखान्याची खाट लागत नाही. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआं आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार यांची पाकिटं तयार केली. एक पाकीट ९२ ग्रॅमचं, त्यात ५०० किलोकॅलरी. जंतूंना वाढायला लागणारं मोकळं पाणी त्यात जवळजवळ नसतं, म्हणून ते उन्हातही टिकतं. शिजवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही. दूषित पाणी हेच मारेकरी असलेल्या छावणीत हा गुण लाखमोलाचा आहे. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण १५० पाकिटं, म्हणजे १४ किलोंच्या आसपास.

मोठ्यांचा हिशोब वेगळा. भारतातल्या १८७७ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरांना दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. आज माणशी २,१०० किलोकॅलरी धरतात: ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, थोडं तेल, पोषक पीठ, साखर, मीठ, एकूण साडेपाचशे ग्रॅम. लाखभर माणसांना रोज ५५ टन. दहा टनी ट्रक धरले तर रोज पाच-सहा, आणि प्रत्येक ट्रकला वाटेत नाके. शिवाय धान्य शिजवायला जळण लागतं आणि ते आणायला बायकांनाच छावणीबाहेर, धोक्यात जावं लागतं.

म्हणून २०११ मध्येच संस्थांनी हवाला व्यापाऱ्यांमार्फत रोख रक्कम पोचवायला सुरुवात केली. आता सोमालियात हे पैसे मोबाइलवर जातात. व्यापारी जिथे पोचतो तिथे मदतीचा ट्रक पोचेलच असं नाही. अर्थात बाजारात धान्यच नसेल, तर पैसे वाटून फक्त भाव चढतात. अशा ठिकाणी पोतीच हवीत.

२०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच हंगाम हुकले. २०२२ मध्ये बैदोआ आणि बुरहाकाबा इथे अन्नदुष्काळ पडेल असा इशारा दिला गेला. या वेळी पैसे, पाकिटं, गोवराच्या लसी पोचल्या आणि घोषणेची वेळ आली नाही. तरी त्या एका वर्षात सुमारे ४३ हजार जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज नंतर निघाला. बराचसा निधी वर्षाच्या उत्तरार्धात आला होता. शेळ्यांचे भाव त्याच्या कितीतरी आधी पडले होते.