पंजा सर्वांत शेवटी परततो

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत, हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं घरोघरी पोचली. संशयित धरून आकडा दोनशेच्या वर गेला. दूषित पाणी, व्हेंटिलेटर, इंजेक्शनांचा खर्च यांवर भरपूर छापून आलं. त्यानंतरचे महिने मात्र बातमीत आले नाहीत, आणि रुग्णाच्या आयुष्यातले खरे लांब महिने तेच असतात.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा, पंचविशीतला, रोज मोटरसायकलने कामावर जाणारा. त्यालाही जीबीएस झाला. चार महिन्यांनी काठी सुटली तेव्हा त्याने मला पहिला प्रश्न विचारला, “काका, गाडी कधी?” घरच्यांचं उत्तर तयार होतं : नसा कमजोर झाल्यात, मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा पोचणार, ब्रेक उशिरा लागणार, म्हणून गाडी कायमची बंद. आता, कधी चालवायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण घरच्यांचं हे कारण बरोबर नाही, आणि ते का बरोबर नाही हे समजलं की गाडीत नेमकं काय बदलायचं तेही समजतं.

जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवर उलटते. याचं एक नेहमीचं निमित्त म्हणजे जुलाब घडवणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आतड्यातला जिवाणू. त्याच्या अंगावरचे काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जुलाब थांबतात, जिवाणू जातो, पण त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं त्या साम्यामुळे तंतूंवर तुटून पडतात. 1916 साली गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये या आजाराचं वर्णन केलं. नाव मात्र दोघांचंच राहिलं.

आता तंतूकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. मज्जातंतू म्हणजे विजेची तार, ही उपमा शाळेत दिली जाते आणि ती अर्धीच खरी आहे. तारेत वीज सरळ वाहते. तंतूत संदेश ठिकठिकाणी नव्याने पेटवावा लागतो : सोडियमचे आयन आत घुसतात, तो तुकडा पेटतो, त्याने शेजारचा तुकडा पेटतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत हे काम कणाकणाने चालतं आणि वेग सेकंदाला मीटरभर पडतो, म्हणजे आपल्या चालण्याइतका. स्नायूंना हुकूम नेणाऱ्या जाड तंतूंवर मात्र मायलिन या मेदयुक्त पदार्थाची गुंडाळी असते. साधारण दर मिलिमीटरला त्या गुंडाळीत एक बारीक फट असते. संदेश फक्त या फटींवर पेटतो आणि मधलं अंतर जवळपास उडी मारून पार करतो. त्यामुळे वेग सेकंदाला 50 मीटरच्या आसपास जातो. गुंडाळी झिजली की वीज मध्येच गळते, पुढची फट पेटायला वेळ लागतो. फारच गळली तर ती पेटतच नाही आणि संदेश तिथेच विरतो.

आता हिशेब मांडू. कमरेपासून पावलापर्यंत अंदाजे एक मीटर. 50 मीटर वेगाने संदेशाला 20 मिलिसेकंद लागतात. आजारात वेग 20 मीटरवर आला असं धरलं तर 50. फरक 30 मिलिसेकंदांचा. ताशी 50 किलोमीटरने चाललेली गाडी तेवढ्या वेळात 42 सेंटिमीटर पुढे जाते. समोर अचानक काही आलं तर धडधाकट माणसालाही ते पाहून ब्रेकवर पाय न्यायला सेकंदभर सहज लागतो आणि त्यात गाडी 14 मीटर गेलेली असते. म्हणजे ‘निरोप उशिरा पोचतो’ हा भाग हातभरही भरत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. एका स्नायूला शेकडो तंतू हुकूम देतात. त्यांतले काही बरे झालेले, काही मंद, काही अडलेले. सगळे एका दमात पोचण्याऐवजी विस्कळीत पोचतात, काही पोचतच नाहीत. त्यामुळे ब्रेकवरचा दाब हळूहळू चढतो आणि कमीच राहतो. शिवाय सांधा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारे तंतूही याच जाड, मायलिनवाल्या जातीचे. ते बिघडले की पाय कुठे टेकला हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. डोळे मिटून, पाय जुळवून उभं राहता येतं का, ही डॉक्टरांची साधी चाचणी म्हणूनच दुचाकीस्वारासाठी फार मोलाची आहे : रात्री सिग्नलला पाय टेकताना तो आपल्या पायाकडे पाहत नसतो.

आणि बरं होणं? फक्त मायलिन गेलं असेल तर ते आठवड्यामहिन्यांत पुन्हा चढतं, थोडं पातळ चढतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतच्या 40 सेंटिमीटरला 400 दिवस. म्हणून ताकद परतते ती बहुधा मुळाकडून टोकाकडे : आधी मांडी आणि खांदा, मग गुडघा आणि कोपर, शेवटी बोटं आणि पायाचा पंजा. आता मोटरसायकलकडे बघा. क्लच बोटांत, ब्रेक बोटांत, ॲक्सिलरेटर मनगटात, गिअर पंजात, मागचा ब्रेकही पंजात. शरीराचा जो भाग सर्वांत उशिरा परततो, नेमक्या त्याच भागाकडे या यंत्राने सगळी कामं सोपवली आहेत.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि उताऱ्यापासून मंतरलेल्या तेलापर्यंत सगळं सुरू होतं. त्याच्या शेजारी आता ‘नसा पुन्हा उगवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती आल्यात. जीबीएसचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत तळ गाठतात आणि मग सावकाश सुधारत जातात. सुधारणेच्या वाटेवर जो कोणी भेटतो, श्रेय त्यालाच मिळतं. सुरुवातीच्या दिवसांत ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे ते उपचार दोन : इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवभाग, बदलणं. पुढे व्यायाम आणि काळ. बधिर पायाला गरम तेल किंवा शेकाची पिशवी लावू नका, कातडी भाजली तरी रुग्णाला कळणार नाही.

आता पंजाचं उदाहरण, कारण मला ते सर्वांत आवडतं. पाऊल खाली दाबायला पोटरी आहे, आणि पोटरी कमी पडली तर मांडीचा जोर, अगदी शरीराचं वजनही मदतीला येतं. पंजा वर उचलायचं काम मात्र मुख्यतः नडगीपुढच्या स्नायूचं. तोच गेला की पाऊल लोंबतं, चालताना चप्पल फरफटते. पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असलेल्या गाडीत प्रत्येक वेळी पायाचं बोट लिव्हरखाली घालून ते उचलावं लागतं, म्हणजे सगळा भार त्या एका हरवलेल्या स्नायूवर. पण आपल्याकडच्या साध्या, रोजच्या वापराच्या मोटरसायकलींना टाच-पंजा लिव्हर असतो. मागचं टोक टाचेने दाबलं की पुढचं आपोआप उचललं जातं. ‘उचलणं’ या क्रियेचं ‘दाबणं’ झालं, काम हरवलेल्या स्नायूकडून शिल्लक असलेल्या स्नायूकडे गेलं. स्पोर्टी दिसावी म्हणून अनेक मुलं हा मागचा तुकडा काढून टाकतात. आमच्या या मुलानेही काढला होता.

हाताचंही असंच. क्लच ओढायला ताकद लागते हे सगळ्यांना कळतं, पण बोटं मिटण्याआधी ती उघडून लिव्हरपर्यंत न्यावी लागतात, आणि तेही कठीण होऊन बसतं. म्हणून लिव्हर मुठीच्या जवळ आणणारी जुळवणी आधी करावी. मग लिव्हर टोकाकडे धरावा : खिळीपासून 6 ऐवजी 12 सेंटिमीटरवर बोटं ठेवली तर निम्म्या जोरात तेवढंच काम होतं, फक्त बोटांना दुप्पट अंतर ओढावं लागतं. जुनी, गंजलेली क्लच केबल बदलूनही बराच फरक पडतो. याहून सोपा मार्ग म्हणजे स्कूटर. तिच्या क्लचमध्ये इंजिनाचा वेग वाढला की फिरणारे पॅड आपणच बाहेर फेकले जाऊन ड्रमला चिकटतात. बोटांचं काम केंद्रोत्सारी बल करतं. इलेक्ट्रिक स्कूटरला तर क्लचच लागत नाही. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकच्या स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो.

वजनाचा विचार मात्र कुणी करत नाही. 110 किलोची उभी स्कूटर 10 अंश कलली तर हँडलपाशी सावरायला ढोबळ मानाने 9-10 किलोचा जोर लागतो. 190 किलोच्या मोटरसायकलला 18 आणि ती 20 अंश कलली तर 35. हा हिशेब माणूस न बसलेल्या गाडीचा. दुबळ्या घोट्याने ज्या क्षणी गाडी सोडायला हवी तो क्षण फार लवकर येतो, आणि सोडून द्यायची हेही शिकावंच लागतं.

पाय टेकणं जमणारच नसेल तर मागे दोन जादा चाकं बसवतात. त्यात एक फसवं वळण आहे. दुचाकी उजवीकडे वळवताना आपण नकळत हँडल क्षणभर डावीकडे ढकलतो, त्याने गाडी उजवीकडे झुकते आणि मग वळते. हात हे वर्षानुवर्षं करत आलेले असतात, डोक्याला पत्ताही नसतो. जादा चाकांची गाडी झुकत नाही. तिथे तीच जुनी सवय गाडीला खरोखर डावीकडे नेते. म्हणून असा बदल झाल्यावर वीस वर्षं दुचाकी चालवलेल्या माणसानेही मोकळ्या मैदानात नव्याने शिकायचं. कायद्याने हा बदल आरटीओच्या नोंदीत यावा लागतो. मोटार वाहन कायद्यात पूर्वी अशा गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. 2019 च्या दुरुस्तीने तो शब्द गेला आणि ‘ॲडाप्टेड व्हेईकल’ आला. विम्याच्या कागदांतही हा बदल कळवून ठेवावा.

आमचा मुलगा आठव्या महिन्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन बहिणीच्या स्कूटरवर बसला, रविवारी सकाळी, शाळेच्या रिकाम्या मैदानात. वीस मिनिटांत दमला. हा थकवाही या आजाराचाच भाग आणि तो ताकदीनंतरही पुष्कळ काळ मागे रेंगाळतो, म्हणून त्याने अंतर ठरवण्याऐवजी वेळ ठरवली : वीस मिनिटं, मग थांबायचं. मोटरसायकलवर तो त्याच्याही चार महिन्यांनंतर बसला. काढून ठेवलेला लिव्हरचा मागचा तुकडा घरात सापडला नाही, गॅरेजवाल्याने दुसरा बसवून दिला. डावा पंजा अजून पुरता उचलला जात नाही. गिअर तो टाचेने टाकतो.