फोटोतला मराठी फॉन्ट टूलला का सापडत नाही

गणपती जवळ आले की इंदूरातल्या आमच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. कुठल्यातरी जुन्या कार्यक्रमपत्रिकेचा, घडीवर फाटलेला, ट्यूबलाइटखाली तिरपा काढलेला, आणि खाली प्रश्न, "दादा हा फॉन्ट कुठला, यंदा हाच पाहिजे." कोणीतरी लगेच सांगतं की अरे ऑनलाइन टूल आहे, फोटो टाक, नाव येतं. फोटो टाकला जातो, नाव येतंही, आणि ते एखाद्या सजावटी इंग्रजी फॉन्टचं असतं ज्यात देवनागरीचं एक अक्षर नाही. मग सगळे म्हणतात टूल बकवास आहे. मला हे पटत नाही. टूल आतून काय करतं हे एकदा कळलं की ते कुठे अडतं ते कळतं, आणि अडतं ती जागा इतकी सुंदर आहे की त्यावर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ही टूलं मजकूर "वाचून" फॉन्ट सांगत नाहीत. फोटोत फॉन्टचं नाव कुठे लपलेलं नसतं, तिथे फक्त काळे-पांढरे पिक्सेल असतात. टूलला फक्त आकार दिसतो आणि तो आपल्याजवळच्या यादीतल्या आकारांशी ताडून बघता येतो, बस. व्हॉटदफॉन्ट, फॉन्ट स्क्विरलचं मॅचरेटर, व्हॉटफॉन्टइज ही त्यातली नेहमीची नावं, शिवाय फोटोशॉपमध्ये मॅच फॉन्ट म्हणून सोय आहे. आयडेंटिफॉन्ट नावाचं एक जुनं टूल तर फोटो मागतच नाही, ते प्रश्न विचारतं, म्हणजे तुमच्या क्यूची शेपटी गोलाच्या आत शिरते की खालीच राहते, डॉलरच्या चिन्हातली रेघ आरपार आहे की नाही, आणि उत्तरं देत गेलात की यादी छोटी होत जाते. मला ते फार आवडतं कारण त्याने डोळा तयार होतो.

फोटोवाल्या टूलांची जुनी पद्धत अशी, की आधी शब्दाची अक्षरं सुटी करायची, मग एकेका अक्षराचा आकार यादीशी जुळवायचा. रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या लिपीत, हे सोपं जातं, कारण छापील रोमन अक्षरांत मध्ये फट असते. आता आपला शब्द घ्या, गणपती. टूलच्या दृष्टीने हे एकच अक्षर आहे, एक लांबलचक विचित्र आकृती, कारण वरून शिरोरेषा सगळ्यांना धरून बसलीये.

तर ती काढायची कशी? समजा शब्द ३०० पिक्सेल रुंद आणि १०० पिक्सेल उंच आहे. वरून खाली एकेक आडवी ओळ घ्या आणि त्या ओळीत काळे पिक्सेल किती ते मोजा. सगळ्यात वर वेलांटीची कमान, तिथे थोडे, २०-३०. मग अचानक आकडा २८०-२९० वर उडी मारतो आणि सात-आठ ओळी तिथेच राहतो, आणि मग धपकन खाली ७०-८० वर येतो. ती उंच पट्टी म्हणजे शिरोरेषा. कुठलंही व्याकरण नको, मराठी येण्याची गरज नाही, नुसती मोजणी. त्या सात-आठ ओळी पांढऱ्या करून टाका आणि आता उभे रकाने मोजा, ज्या रकान्यात काळा पिक्सेल शून्य ती फट.

आणि इथे गंमत होते. गणपतीची शिरोरेषा खोडून कागदावर खरंच बघा. ग चे दोन तुकडे होतात, डावीकडचा वळलेला भाग वेगळा आणि उजवा दंड वेगळा, कारण ते दोघे फक्त वरूनच जोडलेले होते. ण चं तेच, डावीकडचा वळलेला भाग आणि शेवटचा दंड सुटे. प एकसंध राहतो कारण त्याचं पोट दंडाला चिकटलेलं आहे, त पण राहतो, आणि वेलांटीचा दंड एकटा उभा राहतो, त्याची वरची कमान वेगळ्याच मजल्यावर. म्हणजे चार अक्षरांचे खालच्या भागात सात तुकडे! आता हे कुणाचं कोण ते परत जुळवायचं. दंड दिसला म्हणून तो डावीकडच्या तुकड्याचा असेलच असं नाही, तो काना असू शकतो, वेलांटी असू शकते. गा लिहिलं तर ग चा एक तुकडा आणि पाठोपाठ दोन दंड, त्यातला पहिला ग चा आणि दुसरा कान्याचा हे मशीनला कोण सांगणार. भ आणि ध ची आणखी वेगळी तऱ्हा, त्यांच्या डोक्यावर शिरोरेषा अर्धवटच असते (म्हणून तर म आणि घ पासून ते वेगळे ओळखू येतात). खाली उकार, वर रफार, अनुस्वार, मात्रा, असे तीन मजले वेगवेगळे हाताळावे लागतात, आणि द्ध, ष्ट सारखी जोडाक्षरं आली की उभी फट सापडतच नाही कारण अक्षरं एकमेकांच्या खाली बसलेली.

फोटो तिरपा असला तर? फक्त ३ अंश तिरपा धरा. ३०० पिक्सेल रुंदीच्या शब्दात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा १५-१६ पिक्सेल घसरते. म्हणजे जी आठ ओळींची ठसठशीत पट्टी होती ती पसरून २३-२४ ओळींत पातळ होते आणि २९० चा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, शिखर गायब. म्हणून चांगला प्रोग्राम आधी चित्र थोडं थोडं फिरवून बघतो, अर्धा अंश इकडे, अर्धा तिकडे, आणि ज्या कोनात शिखर सगळ्यात उंच आणि टोकदार येतं तो कोन बरोबर मानतो. म्हणजे जी शिरोरेषा अक्षरं सुटी करताना आडवी येते तीच चित्र सरळ करायला मदत करते, रोमनला ही सोय नाही. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आणि आयआयटी कानपूरला १९९० च्या दशकात देवनागरी वाचणाऱ्या मशीनवर जे काम झालं त्यात ही शिरोरेषेची मोजणी पायाशी होती.

आता नवी टूलं. त्यांनी अक्षरं सुटी करायचा नादच बऱ्यापैकी सोडलाय, ती अख्खा चित्राचा तुकडा न्यूरल नेटवर्कला, म्हणजे नमुने बघून शिकणाऱ्या प्रोग्रामला, देतात. त्यात काय होतं ते थोडक्यात. तीन बाय तीन पिक्सेलची एक छोटी जाळी घ्या, डाव्या रकान्यात तीन वेळा उणे १, मधल्यात शून्य, उजव्यात अधिक १. ही जाळी चित्रावर सरकवत न्या, प्रत्येक जागी खालच्या पिक्सेलशी गुणाकार करून बेरीज करा, काळा म्हणजे १ आणि पांढरा म्हणजे ०. कोऱ्या कागदावर उत्तर शून्य, भरीव शाईवर पण शून्य, पण दंडाची डावी कड आली की ३ आणि उजवी कड आली की उणे ३. झाली की नाही उभी कड शोधणारी जाळी? अशा जाळीला फिल्टर म्हणतात, असे शेकडो फिल्टर, कुणी आडवी कड पकडतो, कुणी तिरपा कट, आणि त्यांच्या उत्तरांवर परत फिल्टर, त्यावर परत, वरच्या थरात मग "जाड उभी रेघ आणि पातळ जोड" असल्या गोष्टी पकडल्या जातात. जाळीतले आकडे माणूस भरत नाही, हजारो नमुने दाखवून चुकेल तसे आकडे थोडे थोडे हलवले जातात आणि ते आपोआप बसतात. शेवटी हाती येते आकड्यांची एक लांब रांग, आणि ज्या दोन चित्रांच्या रांगा जवळ ती एकाच फॉन्टची असं धरतात.

ॲडोबीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये डीपफॉन्ट नावाने हे करून दाखवलं, २३८३ रोमन फॉन्ट घेऊन. खरे फोटो इतके कुठून आणणार, म्हणून त्यांनी कम्प्युटरनेच प्रत्येक फॉन्टमध्ये शब्द छापले आणि मुद्दाम खराब केले, धूसर केले, तिरपे केले, सावली टाकली, अक्षरांमधली जागा कमी-जास्त केली. त्यांच्या चाचणीत पहिल्या पाच अंदाजांत बरोबर नाव असण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. "पहिल्या पाचात" हे शब्द विसरू नका.

हे आपल्यासाठी का चालत नाही? यादीमुळे, ज्या फॉन्टांशी ताडायचं त्यांत आपले फॉन्टच नसतात. आणि त्यातही एक तांत्रिक गोम आहे. मध्य प्रदेशात फ्लेक्सवाल्यांकडे आणि पत्रिका छापणाऱ्यांकडे अजून सर्रास कृतिदेव चालतो, महाराष्ट्रातून आलेल्या फाइली श्रीलिपीत असतात. हे युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे फॉन्ट, यात देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेत. कृतिदेवमध्ये छोटा डी दाबला की क उमटतो, जे दाबला की र. कम्प्युटरच्या हिशेबाने तो इंग्रजी फॉन्टच. आता नमुने तयार करणाऱ्या प्रोग्रामला सांगा की या फॉन्टमध्ये "गणपती" छाप, तो युनिकोडचा ग शोधणार, फॉन्टमध्ये तो नाहीच, तर रिकामे चौकोन छापणार. म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त छापले गेलेले फॉन्टच शिकवणीच्या बाहेर राहतात.

तरी टूल उत्तर देतं, कारण त्याला "माहीत नाही" म्हणायची सोयच बहुतेक वेळा दिलेली नसते. शेवटच्या थरात सगळ्या गुणांचं रूपांतर टक्क्यांत करतात आणि यादीतल्या सगळ्या फॉन्टांची बेरीज १०० भरलीच पाहिजे असा नियम असतो. खरा फॉन्ट यादीत नसला तरी १०० टक्के कुणाकुणात वाटले जाणारच. त्यामुळे टूलने ९२ टक्के दाखवलं म्हणून एआयने सिद्ध केलं वगैरे म्हणणं चूक आहे, त्याचा अर्थ यादीतल्या बाकीच्यांपेक्षा हा जास्त जवळ, इतकाच.

फॉन्ट ओळखण्याला वजन किती असू शकतं याचं उदाहरण २०१७ मध्ये पाकिस्तानात झालं. पनामा पेपर्स, म्हणजे परदेशातल्या गुप्त कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं, त्यांवरून झालेल्या चौकशीत तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांची मुलगी मरियम नवाझ यांच्या बाजूने दिलेल्या कागदांवर तारीख फेब्रुवारी २००६ ची होती आणि अक्षरं कॅलिब्रीची. कॅलिब्री सर्वसाधारण लोकांच्या हातात आला तो विंडोज व्हिस्टा आणि ऑफिस २००७ बरोबर, जानेवारी २००७ च्या शेवटी. बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्तीत तो आधी होता असा बचाव झाला, पण तपासणाऱ्यांनी बोट ठेवलं ते फॉन्टवरच.

आता पत्रिकेचं काय करायचं. फाइल पीडीएफ असेल तर फोटो काढूच नका, ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सच्या टॅबवर जा, आत घातलेल्या फॉन्टांची नावं तिथे असतात. वेबसाइटवरचा असेल तर फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये फॉन्ट्सचा पॅनल आहे. फोटोच असेल तर देवनागरी सोडा आणि त्याच वळणात छापलेला इंग्रजी शब्द किंवा इंग्रजी आकडे, मोबाइल नंबर वगैरे, तेवढाच कापून टूलला द्या. नव्या फॉन्टांत रोमन आणि देवनागरी एकाच घरचे असतात, मुक्त, हिंद, पॉपिन्स सगळे असेच, रोमनवरून पॉपिन्स सापडला की देवनागरी पण हाती आली. मात्र ऑपरेटरने इंग्रजीसाठी वेगळा फॉन्ट घेतलेला असला तर ही युक्ती फसते.

ल आणि श वर फसू नका. मराठी वळणाचा पाकळीवाला ल आणि देठवाला श, हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि गाठीचा श, युनिकोडमध्ये यांचा नंबर एकच आहे. काही फॉन्टांत दोन्ही आकार आत ठेवलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली तरच मराठी आकार बाहेर येतो. इंदूरात कम्प्युटरची भाषा बहुतेक हिंदीच लावलेली, त्यामुळे तोच फॉन्ट पुण्याच्या पत्रिकेत वेगळा दिसतो आणि आपण म्हणतो हा तो नाहीच. तेव्हा या दोन अक्षरांना बाजूला ठेवून ग, ण, क, ह बघा, शिरोरेषेची जाडी दंडाच्या जाडीपेक्षा कमी की जास्त ते बघा, क ची पोटातली मोकळी जागा गोल की चपटी ते बघा.

आणि सगळ्याच्या आधी, तो फॉन्ट आहे का ते तपासा. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या पाट्या पेंटरने हाताने लिहिलेल्या, जुन्या पत्रिकांची शीर्षकंही बऱ्याचदा हातची असायची. फोटोत एकच अक्षर दोन ठिकाणी शोधा, समजा दोन ग, दोन्ही कापून एकावर एक ठेवा, एक अर्धवट पारदर्शक करा. कडा तंतोतंत बसल्या तर फॉन्ट. एकाचा दंड जरा लांब, दुसऱ्याचं वळण जरा पसरट निघालं तर टूलमध्ये वेळ घालवू नका, एखादा अक्षरं काढणारा पेंटर गाठा आणि त्याला फोटो दाखवा.