अंड्याएवढ्या वजनाचं इंजिन

न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या काठी, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात एक विचित्र रेल्वे होती. तिचे रूळ बाकीच्या रेल्वेला कुठेच जोडलेले नव्हते. नाव ब्रुकलिन ईस्टर्न डिस्ट्रिक्ट टर्मिनल. मालडबे यायचे नदीतून, रूळ बसवलेल्या बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावर चढून. बार्ज धक्क्याच्या पुलाला टेकला की वाफेचं बुटकं इंजिन डबे उतरवून साखर कारखान्यात नाहीतर गोदामात नेऊन लावायचं. स्वतः मात्र बार्जवर पाऊल ठेवायचं नाही! एवढं वजन एका टोकावर पडलं तर बार्ज झुकणार. म्हणून मध्ये रिकामे सपाट डबे जोडून लांबूनच शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणं, चालायचं.

या इंजिनाला सहाच चाकं, आणि सहाही ओढणारी. पाण्याची टाकी अंगावरच, मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नाही. त्यामुळे सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं आणि रुळावरची पकड वाढते. (पाणी संपत आलं की पकडही थोडी कमी होते, हा त्यातला तोटा.) चाकं लहान, म्हणून वेग बेताचा पण ओढ जोरदार. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी, म्हणून कारखान्यांच्या बोळांतली वळणं जमायची. आपल्या माथेरानची जुनी वाफेची इंजिनंही सहा चाकांचीच. तिथली वळणं इतकी तीव्र की कडेच्या चाकांना बाजूला सरकण्याची सोय करावी लागली.

ब्रुकलिनमध्ये १९६३ पर्यंत वाफ टिकली. तिथलं १९१७ सालचं १५ नंबरचं इंजिन आज पेनसिल्व्हेनियात निळा रंग आणि हसरा चेहरा लावून, गोष्टीतला ‘थॉमस’ बनून मुलांना फिरवतं.

मॉडेल रेल्वेवाल्यांचा या इंजिनांवर जीव असतो, त्याचं कारण ही वळणंच. १:८७ प्रमाणात १८ इंच त्रिज्येचं वळण म्हणजे खऱ्या मापात साधारण ४० मीटर. मेलगाडीच्या इंजिनाला ते शोभत नाही, शंटिंग इंजिनाला मात्र अगदी साजतं. टेबलाच्या कोपऱ्यात अख्खी गोदी मावते.

अडचण वजनाची. लांबी ८७ पट कमी केली की आकारमान ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त घटतं. ४० टनांचं इंजिन या हिशेबाने जेमतेम ६१ ग्रॅमचं होतं, कोंबडीच्या अंड्याएवढं! पण डब्यांच्या आसांतलं घर्षण आणि रुळावरची धूळ काही त्या हिशेबाने घटत नाही. म्हणून बॉयलरमध्ये शिसं ठासतात. त्यात वीज रुळांतून चाकांवाटे येते आणि चाकं मोजकीच. रूळ बदलायच्या सांध्यावरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एखादं चाक आलं की इंजिन गप्प उभं. मग बोटाने ढकला. आत थोडी वीज साठवणारा छोटा कपॅसिटर बसवला तर तेवढा क्षण निभावतो. रूळ मात्र स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे लागतातच.