चिकटा दिसला की फवारा? जरा थांबा

2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी कीड आली, तेव्हापासून वाळवा-मिरजेकडे एक समज घट्ट बसलाय: पानावर चिकटा म्हणजे निव्वळ नुकसान, लगेच पंप काढा. चिकटा ही माव्याची गोड विष्ठा. तिच्यावर काळी बुरशी चढते, हे खरंच. पण मित्रकीटकांचं ते जेवणही आहे. क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा असाच एक मित्रकीटक; त्याची अळी मावा फस्त करते. पंख फुटलेला क्रायसोपा मात्र चिकटा आणि परागांवर जगतो. त्याची मादी केसासारख्या दांडीवर एकेक अंडं ठेवते (भिंग लावून बघाच). खरी भानगड आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणाऱ्या कीटकनाशकाची. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या प्रयोगात थायामेथोक्झाम हे असंच औषध दिलेल्या लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणाच्या (हीही रस शोषणारी कीड) चिकट्यात ते उतरलं, आणि तो खाणाऱ्या मित्रमाश्या मेल्या.