धुण्याआधी फोटो कुठे असतो?

एप्रिलमधल्या एका रविवारी जुन्या बाजारात मला आग्फा क्लिक थ्री हा जुना फिल्म कॅमेरा मिळाला. चामड्याच्या केसची शिवण उसवलेली, लेन्सच्या कडेला बुरशीची जाळी, पण शटरचा आवाज खणखणीत. पाठीवरच्या लाल खिडकीतून पाहिलं तर आत ९ हा आकडा दिसला. म्हणजे कॅमेऱ्यात रोल होता आणि कुणीतरी आठ-नऊ फोटो काढून तो तसाच ठेवून दिला होता. विक्रेता झाकण उघडून दाखवायला निघाला, तेव्हा मी त्याचा हातच धरला. "अहो साहेब, इतक्या वर्षांचा रोल, त्यात काय उरलंय आता?" तो म्हणाला.

घरी आल्यावर दहावीतल्या भाच्याने वेगळंच विचारलं. "मामा, फोटो आत्ता या रोलवर आहे, की आपण धुतल्यावर तयार होईल?"

हा प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. हल्ली कॉलेजातली मुलं पुन्हा फिल्मकडे वळताना दिसतात. पेंटॅक्सने तर २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. पण फिल्मवर नेमकं काय घडतं हे विचारलं, तर बहुतेक जण सांगतात की उजेडाने फिल्म 'जळते'. तसं असतं तर जळल्याची खूण धुण्याआधीच दिसली असती. फोटो काढलेली आणि कोरी फिल्म शेजारी ठेवली, तर नुसत्या डोळ्यांना त्यांत काहीही फरक दिसत नाही.

फोनचं काम त्या मानाने सरळ आहे. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, सिलिकॉनवर पडला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. प्रत्येक पिक्सेल ही असे इलेक्ट्रॉन जमवायची एक वाटी. फोटो काढून झाला की वाटीतले इलेक्ट्रॉन मोजायचे आणि वाटी रिकामी करायची. वाटी जितकी इवली, तितके मंद उजेडात कमी इलेक्ट्रॉन जमणार. म्हणूनच २०० मेगापिक्सेलचे फोन सहसा सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतात. जाहिरातीतल्या त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिल्मवरही सुरुवात एका इलेक्ट्रॉननेच होते, पण तिथे मोजणारं कुणी नसतं. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, लांबी-रुंदी-उंचीचा स्फटिक धरला, तर त्यात चांदीचे सुमारे दोन हजार कोटी आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, भरतात. फोटॉन येऊन ब्रोमाइड आयनाकडचा एक इलेक्ट्रॉन सोडवतो. तो इलेक्ट्रॉन स्फटिकात भटकत एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. आता ती जागा ऋणप्रभारित झाली. स्फटिकात काही चांदीचे आयन आपली जागा सोडून फिरत असतात आणि ते धनप्रभारित असतात. त्यांतला एक तिकडे ओढला जातो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा अणू बनतो. दुसरा फोटॉन, दुसरा इलेक्ट्रॉन, त्याच जागी दुसरा अणू. असे साधारण चार अणू एका जागी जमले की तो स्फटिक 'तयार' झाला. गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये ही साखळी मांडली.

दोन हजार कोटींत चार. एवढाच तो फोटो! कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसणार नाही.

इलेक्ट्रॉन अडकवणारी ती जागा कशी तयार होते, याची गोष्ट मला विशेष आवडते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. पूर्वी एका खेपेच्या जिलेटिनची फिल्म उत्तम निघायची आणि दुसऱ्या खेपेची अगदी मंद, आणि कारण काही कळत नव्हतं. १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या शेपर्ड यांनी त्याचा माग काढला. चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अगदी किंचित अंश होता आणि तो जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून आला होता. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या आणणारं जे तेल असतं, त्याच्याच नात्यातली ही संयुगं. त्यांच्यामुळे स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके बसतात आणि इलेक्ट्रॉन नेमके तिथे अडकतात.

चांदीचा एकटा अणू मात्र टिकत नाही, थोड्याच वेळात पुन्हा आयन होऊन जातो. दुसरा फोटॉन त्याआधी पोचायला हवा. म्हणून रात्री पर्वतीवरून शहराच्या दिव्यांचा फोटो फिल्मवर घेताना गणिताने दहा सेकंद आले, तर प्रत्यक्षात दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. फोनच्या वाटीतला इलेक्ट्रॉन असा परत जात नाही.

रात्रीच्या फोटोंवरून आठवलं. शनिवारवाड्याजवळ फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंतले पांढरे गोल 'आत्मे' म्हणून अजूनही फिरवले जातात. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ मध्ये झाला, हा इतिहास आहे. ते गोल मात्र लेन्सच्या अगदी पुढ्यात तरंगणारी धूळ असते. फोनमध्ये फ्लॅश लेन्सला खेटून असल्याने धुळीवरचा उजेड सरळ परत येतो आणि फोकसबाहेरच्या कणाची चकती होते. घरी चादर झटकून अंधारात फ्लॅश मारा, स्वयंपाकघरातही तेच गोल दिसतील.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. फिल्म ज्यात धुतात तो डेव्हलपर हा क्षपणक आहे, म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देणारा. तो देतो सगळ्याच स्फटिकांना, पण ज्यांच्यावर चार अणूंचा ठिपका आहे तिथे ते इलेक्ट्रॉन झपाट्याने शिरतात आणि अख्खा स्फटिक काळी चांदी होऊन जातो. चार अणूंमागे पाचशे कोटी पट वाढ! बाकीचे स्फटिक मागे रेंगाळतात. ते काळे पडायच्या आत फिल्म बाहेर काढायची आणि उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड हायपो नावाच्या द्रावणात विरघळवून टाकायचं. सगळी मदार या वेळेच्या फरकावर असते, म्हणून तापमान सांभाळावं लागतं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या रात्री ३१ अंशांवर होतं आणि डेव्हलपरला हवे होते २०. परातीत पाणी घेऊन, बर्फाचे खडे पिशवीत बांधून त्यात सोडले आणि भाचा थर्मामीटर धरून बसला.

चार अणूंचा ठिपका किती वर्षं टिकावा? स्वीडनचा आंद्रे १८९७ मध्ये दोन सोबत्यांसह फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचा तळ सापडला, आणि ३३ वर्षांनी धुतलेल्या फिल्म्समधून ९३ चित्रं वाचली. पुण्याच्या उन्हाळ्यांत मात्र उष्णतेनेच कोऱ्या स्फटिकांवरही चुकार ठिपके तयार होतात आणि सगळी फिल्म करडी पडते.

आमच्या रोलच्या पाच फ्रेम त्या करडेपणात गेल्या, चार वाचल्या. एकीत वाड्याच्या पायरीवर दोन मुलं बसलीत आणि मागे भिंतीला सायकल टेकवली आहे. भिंगातून पाहिलं तर तिच्या चाकाच्या तारा धुक्यात हरवल्यात, पण हँडलवरची घंटी स्पष्ट ओळखता येते.

तुमच्याही कपाटात असा रोल निघाला, तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण लगेच उघडू नका. रोल पूर्ण गुंडाळूनच बाहेर काढा, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि काळी-पांढरी फिल्म धुणाऱ्याला गाठा. रोल रंगीत असला तरी त्यालाच विचारा. रंग उमटवणारी द्रव्यं बिघडलेली असली, तरी चांदीचे ठिपके अजून जागेवर असू शकतात आणि काळ्या-पांढऱ्याच्या डेव्हलपरमध्ये ते वर येतात.