पाचशे सहासष्ट ते दीड लाख : गोव्यातील अनुसूचित जमातींच्या आरक्षणाची पार्श्वभूमी

गोव्याच्या विधानसभेत ४० जागा आहेत. त्यांतली पेडणे अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अनुसूचित जमातींसाठी मात्र २०२२पर्यंतच्या एकाही निवडणुकीत एकही जागा राखीव नव्हती. २०११च्या जनगणनेत राज्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येपैकी १,४९,२७५ जण अनुसूचित जमातींचे होते, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडे जास्तच. घटनेचे कलम ३३२ सांगते की जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखाव्यात. त्या हिशेबाने चार जागा येतात. मग घोडे अडले कुठे? आरक्षणाच्या कायद्याचा अभ्यास करणारे सहसा मंडल आयोग आणि इंद्रा साहनी खटल्यापासून (ओबीसी आरक्षणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून) सुरुवात करतात. गोव्यापुरता तरी आधी १९६८चा राष्ट्रपतींचा आदेश उघडावा.

गोवा, दमण आणि दीव तेव्हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. या प्रदेशाच्या अनुसूचित जमाती म्हणून त्या आदेशात पाच नोंदी आहेत : धोडिया, दुबळा (हळपतींसह), नायकडा (तलावियांसह), सिद्दी आणि वारली. यादी इथेच संपते. ही सगळी मुख्यतः दमण-दीवकडची मंडळी. काणकोणचा वेळीप त्यात नाही, केप्याचा गावडा नाही, सासष्टीचा कुणबीही नाही. १९८७ साली गोवा वेगळे राज्य झाले, दमण-दीव बाजूला राहिले, पण गोव्याच्या वाट्याला यादी तीच आली. परिणाम २००१च्या जनगणनेत दिसतो : साडेतेरा लाखांच्या गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक ५६६!

प्रत्यक्षात हे समाज गोव्याचे आद्य रहिवासी मानले जातात. डोंगरउतारावर कुमेरी (झाडी तोडून-जाळून केलेली फिरती) शेती करणारे, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत खोप उभारून मुंडकार म्हणजे आश्रित रहिवासी म्हणून पिढ्या काढणारे हे लोक. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला तोही १९७५ साली. पोर्तुगीज काळात गावडे समाजातले अनेक जण ख्रिस्ती झाले. १९२८ साली विनायक महाराज मसूरकरांच्या शुद्धी चळवळीतून हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू झाले आणि ‘नवहिंदू’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एकाच समाजाचे असे तीन भाग पडले. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात धर्माची अट आहे, त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो दर्जा मिळत नाही. जमातींच्या बाबतीत अशी अट नाही. ख्रिस्ती गावड्याला आणि हिंदू गावड्याला एकाच हक्काने दाखला मिळू शकतो, तो यामुळेच. गोव्याच्या संदर्भात हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

यादीत नाव नसेल तर कोर्टात जाऊनही फारसे हाती लागत नाही. कलम ३४२ नुसार एकदा निघालेली यादी फक्त संसदच बदलू शकते. महाराष्ट्रातल्या कोष्टींना हलबा जमातीत धरायचे का, या प्रश्नावरच्या मिलिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली हेच ठणकावून सांगितले : यादीत जे लिहिले आहे तेच वाचायचे, पुरावे घेऊन त्यात भर घालायची नाही. म्हणून गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर या चार समाजांचा लढा दिल्लीच्या दिशेने गेला. जानेवारी २००३मध्ये दुरुस्ती कायदा झाला आणि गावडा, कुणबी, वेळीप यादीत आले. धनगर बाहेरच राहिले.

दर्जा मिळाला, पुढे राज्याच्या नोकऱ्यांत १२ टक्के वाटाही ठरला. विधानसभेचे दार मात्र उघडले नाही. मतदारसंघांची फेररचना २००१च्या जनगणनेवर झाली आणि त्या जनगणनेत जमातींचे लोक होते तेच ५६६. दुरुस्ती दोनच वर्षे उशिरा झाली, पण ती चुकामूक वीस वर्षांहून जास्त पुरली. इतक्या उघड विसंगतीवर लगेच उपाय न करणे हा अन्याय होता, असे मी स्पष्टच म्हणेन.

२५ मे २०११ रोजी केपे तालुक्यातल्या बाळ्ळी इथे आदिवासी संघटनांनी आपल्या मागण्यांसाठी रस्ता आणि रेल्वे रोखली. त्या दिवशीच्या हिंसाचारात एका इमारतीला आग लागली आणि समाजाचे दोन तरुण त्यात होरपळून मरण पावले. गोव्यात आज आदिवासी हक्कांविषयी कुठेही बोलणे निघाले की बाळ्ळीचे नाव येतेच.

राजकीय आरक्षणाचे विधेयक ऑगस्ट २०२४मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ऑगस्ट २०२५मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. यादीत नंतर आलेल्या समाजांना धरून जनगणना आयुक्तांनी लोकसंख्येचा आकडा जाहीर करायचा आणि त्यावरून निवडणूक आयोगाने २००८च्या परिसीमन (मतदारसंघ फेररचना) आदेशात दुरुस्ती करायची, अशी त्याची रचना आहे. धनगरांना या कायद्याचा लाभ नाही. २००३च्या यादीत ते नाहीत, म्हणून या मोजणीतही नाहीत. त्यांच्यासाठी ती यादी संसदेला पुन्हा उघडावी लागेल.