चिठ्ठी कोण उचलतं?

कर्करोगाच्या ओपीडीबाहेर बाकावर थोडा वेळ बसलं की हे हमखास ऐकू येतं: "सही नका करू मावशी, आपल्यावर प्रयोग करतात." मावशींच्या हातात उपचारांच्या चाचणीचं, बारीक अक्षरातलं मराठी संमतीपत्र असतं. भीती खरी आहे. पण त्यामागची समजूत अशी, की कुठला उपचार सरस हे डॉक्टरांना आधीच ठाऊक असतं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००३ ते २०१५ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ६३५ बायका एका चाचणीत सामील झाल्या. प्रश्न असा होता: आधी केमो देऊन मग ऑपरेशन करायचं, की रेडिएशन आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लाटिन हे केमोचं औषध? दुसरा उपचार प्रचलित होता, पण पहिलाही पुष्कळ ठिकाणी होत होता. गाठ काढली की सुटलो, असं कोणाला वाटत नाही?

आता माझा आवडता भाग. कोणती बाई कुठल्या गटात, हे डॉक्टरांनी ठरवलं तर धडधाकट बाया नकळत ऑपरेशनकडे जातील. मग ऑपरेशनच भारी दिसेल, आणि श्रेय खरं तर त्या बायांच्या तब्येतीचं असेल. वय, स्टेज जुळवता येईल. पण जे आपल्याला मोजताच येत नाही त्याचं काय? म्हणून चिठ्ठी: कोणाला कुठला उपचार, हे नशिबावर सोडायचं. नुसता छापा-काटा केला तर गट लहानमोठे होतात, म्हणून चार-चार चिठ्ठ्यांचे गठ्ठे करतात, प्रत्येकात दोन 'अ' उपचाराच्या, दोन 'ब' उपचाराच्या. त्या सहा प्रकारे लावता येतात. गोची अशी, की तीन चिठ्ठ्या पाहिलेल्याला चौथी आपोआप कळते, आणि मग तो त्या जागी हवी ती पेशंट पाठवू शकतो! म्हणून गठ्ठा कधी चारचा, कधी सहाचा ठेवतात, आणि यादी उपचार करणाऱ्यांपासून लपवलेली असते.

निकाल काय लागला? पाच वर्षं रोगाशिवाय राहिलेल्या बायका ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के, रेडिएशनच्या गटात ७६.७. एकूण जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं. योनिमार्गाचा त्रास मात्र रेडिएशनवाल्यांना जास्त झाला. म्हणजे ज्यांच्या वाट्याला 'वेगळं' न येता प्रचलित उपचारच आला, त्यांचं जगण्याच्या बाबतीत काही बिघडलं नाही, उलट रोग परतण्याचा धोका कमीच राहिला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या रामबाण काढ्यांनाही हाच प्रश्न विचारून बघा: तिथे चिठ्ठी कोणी उचलली होती?

राहता राहिल्या मावशी. अशा चाचणीत दुसऱ्या गटाला बिनउपचाराचं ठेवत नाहीत, प्रचलित उपचार मिळतो. सही नाकारता येते, केल्यावर मधेच बाहेरही पडता येतं, आणि त्यापायी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्राची प्रत घरी न्या, चष्मा लावा आणि लेकीकडून मोठ्याने वाचून घ्या.